तिशी ओलांडल्यावर अभिनयाला सुरुवात : तयारी नेमकी कशाची करावी?

गोदाकाठ, नाशिक

नमस्कार. माझे वय 33 वर्षे असून मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी करतो. मूळ गाव धुळे जिल्ह्यातले, त्यामुळे घरी आजही अहिराणी बोलली जाते. नाटके मी लहानपणापासून आवडीने पाहत आलो आहे आणि कालिदास कलामंदिरात दौऱ्यावर येणारे प्रयोग सहसा चुकवत नाही. परंतु शाळेत किंवा महाविद्यालयात असताना स्वतः रंगमंचावर उभे राहण्याचा योग कधी आला नाही. यंदा ओळखीतल्या एका हौशी संस्थेने राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवायला घेतले आणि त्यात मला एक भूमिका मिळाली. शहरातून गावी परतलेला धाकटा भाऊ जमिनीच्या वाटणीचा विषय काढतो, थोरल्या भावाशी त्याचे कडाक्याचे भांडण होते आणि शेवटी तो रडतो, असे माझे दोन प्रवेश आहेत.

तालमी रोज संध्याकाळी चालू आहेत. माझे पाठांतर झाले आहे. घरी आरशासमोर उभे राहून म्हटले की सगळे जमल्यासारखे वाटते, पण तालमीत समोर दुसरा नट आला की हातांचे काय करावे इथपासून अडचणी सुरू होतात. आमचे दिग्दर्शक एवढेच सांगतात की, "तुम्ही वाक्ये म्हणता, बोलत नाही." त्यांचे म्हणणे बरोबर असावे, परंतु म्हणणे आणि बोलणे यांत फरक कसा पाडायचा हे मला उमगत नाही.

अभिनय नीट शिकायचा तर एखादा अभ्यासक्रम करावाच लागतो का, की तालमी करत करत तो येतो? नोकरी सोडणे मला शक्य नाही. माझ्या बोलण्यात खानदेशी हेल आहे, तो घालवावा का? आणि सर्वात मोठी भीती दुसऱ्या प्रवेशाची आहे, कारण ठरावीक वाक्याला रडू आतून आणायचे कसे, हे मला कोणी सांगितलेले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.


तिसरी घंटा, पुणे

वयाचा मुद्दा आधी बाजूला काढू. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते आणि 1969 साली, चाळिशीत, त्यांनी पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय घेतला. निळू फुले पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत असत. उशिरा आलेल्या नटांना धीर देण्यासाठी ही उदाहरणे सर्रास सांगितली जातात, मात्र सांगताना निम्मी गोष्ट गाळली जाते. डॉक्टरांनी व्यवसाय सोडला त्याआधी कित्येक वर्षे ते वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे पुण्याच्या पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या नाट्यसंस्थेत नाटके करत होते, तर निळूभाऊंच्या गाठीशी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचा अनुभव होता. तेव्हा 33 हे वय उशिराचे मुळीच नाही, पण पुढची काही वर्षे छोट्या भूमिका आणि मोठ्या तालमी यांत जातील, हे आताच मान्य करून टाका.

दिग्दर्शकांच्या शेऱ्याचे मूळ बहुधा तुमच्या पाठांतराच्या पद्धतीत आहे. आपण वाक्य पाठ करतो ते नुसते शब्द म्हणून करत नाही, तर त्याला एक चाल लावून करतो. चार दिवसांत ती चाल इतकी घट्ट बसते की समोरच्या नटाने ओरडून विचारले काय किंवा हळूच विचारले काय, आपले उत्तर त्याच सुरात बाहेर पडते. आरसा हा दोष आणखी पक्का करतो, कारण आरशासमोर तुमचे सगळे लक्ष स्वतःच्या चेहऱ्यावर असते आणि थोरला भाऊ तिथे नसतोच. म्हणून आरसा आजपासून बंद करा. पाठांतर सपाट, कोणताही भाव न घालता, चालता-फिरता, भांडी घासताना किंवा कारखान्याच्या बसमध्ये बसून मनातल्या मनात करा, म्हणजे शब्द आणि त्यांचा क्रम तेवढा पक्का होईल आणि सूर मोकळा राहील. तो सूर समोरच्या नटाकडून घ्यायचा असतो.

आता एका वाक्यावर काम करून पाहू. तुमची संहिता माझ्यापुढे नाही, म्हणून कल्पनेने एक वाक्य घेतो. धाकटा म्हणतो, "दादा, विहिरीवरचा तुकडा मला नको, पण सातबाऱ्यावर माझं नाव हवं." नवखा नट याच्या समासात "राग" असे लिहून ठेवतो आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत आवाज चढवतो. तसे न करता असे विचारा की या क्षणी धाकट्याला दादाकडून काय काढून घ्यायचे आहे. समजा, दादा सोसायटीच्या पावत्या चाळत बसला आहे आणि त्याने अजून मान वर केलेली नाही. मग "विहिरीवरचा तुकडा मला नको" ही धाकट्याने पुढे केलेली सवलत होते. सर्वांत चांगली जमीन तो सोडायला तयार आहे आणि निदान आता तरी दादा वर बघेल अशी त्याची अपेक्षा आहे. तुम्ही त्या स्वल्पविरामाशी थांबून खरोखर बघायचे की दादाने मान वर केली का. तो नुसताच पान उलटतो. ते पान उलटण्यातून वाक्याचा उरलेला अर्धा भाग जन्माला येतो, आणि तो कसा येईल हे दादाने पान कसे उलटले यावर अवलंबून असते. एखाद्या तालमीत तो दबक्या आवाजात येईल, दुसऱ्या दिवशी ताडकन येईल. दोन्ही वेळा ते बोलणेच असेल.

मी माझ्या नटांना संहितेच्या समासात पेन्सिलीने प्रत्येक वाक्यापुढे भावनेचे नाव लिहू देत नाही, क्रियापद लिहायला सांगतो: डिवचणे, चुचकारणे, टाळणे, अजमावणे, माघार घेणे. "दुःखी होणे" ही गोष्ट ठरवून करता येत नाही, "दादाला अजमावणे" ही करता येते. पात्राला काय हवे आहे आणि ते मिळवण्यासाठी ते काय करते, या प्रश्नाभोवती रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की यांनी मॉस्कोमध्ये आयुष्यभर नटांच्या तालमी घेतल्या, आणि त्यांचे नावही न ऐकलेल्या आपल्याकडच्या चांगल्या तालीममास्तरांची पद्धतही यापेक्षा फार वेगळी नसते.

हातांचे म्हणाल, तर हात अडचणीचे वाटतात ते त्यांना काही काम नसते म्हणून. तुमचा धाकटा शहरातून आला आहे, म्हणजे त्याच्या खांद्यावर बॅग असेल. ती तो केव्हा खाली ठेवतो? आल्या आल्या कोपऱ्यात टाकली तर तो अजून या घराला आपले समजतो. पट्टा हातात धरून उभाच राहिला तर त्याला कुणी "बस" म्हटलेले नाही. भांडणाच्या मध्यावर ठेवली तर तो आता हटणार नाही, हे प्रेक्षकाला एकही शब्द न बोलता कळते. हे ठरवण्यासाठी दिग्दर्शकाची वाट पाहू नका. तीन पर्याय तालमीत करून दाखवा, त्यांतला कोणता ठेवायचा हे ते सांगतील, आणि कदाचित तिन्ही नाकारतील. त्याचे वाईट वाटून घेऊ नका.

उच्चारांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते आणि नकारही शेवटी येतो, तर नवख्या नटाचा श्वास नेमका तिथेच संपतो. "मी वाटणी मागायला आलो नाही" यातला "नाही" गिळला गेला की पाचव्या रांगेला उलटेच ऐकू येते. वर्तमानपत्राचा अग्रलेख रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचा आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द पहिल्या शब्दाइतकाच ऐकू येतो ना, एवढेच घरच्यांना तपासायला सांगा. अग्रलेखाची वाक्ये लांब असतात, त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा हेही आपोआप शिकावे लागते.


वैनगंगेकाठचा, वडसा

वरील प्रतिसाद मन लावून वाचला. त्यातील बहुतेक गोष्टी मान्य आहेत, तरी एका जागी मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. मी झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा या पट्ट्यात, हंगामी नट म्हणून काम करतो. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडईच्या (गावजत्रेच्या) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने गावोगावी नाटके लागतात, रात्री पडदा उघडतो तो पहाटेच्या सुमारास पडतो, आणि मंडपात हजारो माणसे बसलेली असतात. शेवटच्या रांगेतला माणूस दिवसभर धान कापून आलेला असतो. त्याला तुमचे पान उलटणे दिसत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, आत जे घडते ते खरे असलेच पाहिजे, पण ते शेवटच्या माणसापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारीही नटाचीच आहे, आणि ती केवळ ओरडण्याने पार पडत नाही.

आवाजाची फेक ही घशातून येत नाही. घशातून ओढलेला आवाज दुसऱ्या अंकातच बसतो आणि आम्हाला तर दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात उभे राहायचे असते. उताणे झोपून पोटावर एक जाड वही ठेवावी आणि श्वास घेताना ती वर जाते का, हे पाहावे. नंतर तोच श्वास उभ्याने घेऊन "आ" लावावा आणि जितका वेळ तो थरथरत नाही तितकाच वेळ धरावा. रोज पहाटे हे केले तर महिनाभरात फरक जाणवतो. थंडीच्या रात्री प्रयोगाआधी गार पाणी पिऊ नये, हे आमच्याकडचे जुने नट सांगतात. त्याचे शास्त्र काय आहे ते मी सांगू शकत नाही, पण मी पाळतो.

आमच्या रंगभूमीवर प्रॉम्प्टरची, म्हणजे आडून नटाला वाक्ये सांगणाऱ्याची, परंपरा आहे आणि त्यावरून बाहेरचे लोक आम्हाला हसतात. एका हंगामात अनेक नाटके हाताळायची असतात, त्यामुळे प्रॉम्प्टर लागतो. पण प्रॉम्प्टरचा शब्द कानात पडत असताना समोरच्या नटाचेही ऐकायचे आणि बेअरिंग (भूमिकेची पकड) सुटू द्यायचे नाही, हे काम पाठांतरापेक्षा अवघड आहे, हे एकदा करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

हेलाबद्दल मात्र ठामपणे सांगतो. तो घालवू नका. आम्हीही झाडीबोली घरी आणि नाटकातली भाषा रंगमंचावर असे करत आलो आहोत, आणि ज्या नाटकांत आमची बोली आली त्यांना प्रेक्षकांनी जास्तच डोक्यावर घेतले. तुमचे नाटक कुठल्या गावात घडते, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते खानदेशात घडत असेल तर तुमचा हेल ही तुमची जमेची बाजू आहे.


रंगपट, ठाणे

मी व्यावसायिक नाटकांत आणि मालिकांत काम करते, त्यामुळे अभ्यासक्रमाविषयी आणि रडण्याविषयी लिहिते.

महाराष्ट्रात रीतसर शिक्षण घ्यायचे तर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची कालिन्याला असलेली अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. गोव्यात कला अकादमीचे नाट्यशिक्षण आहे, आणि दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, पण तिथे वयाची अट आहे आणि तीन वर्षे पूर्णवेळ द्यावी लागतात. नोकरी सांभाळून यांतले काहीच होणार नाही. तुम्हाला परवडेल ते म्हणजे सुट्टीतली एखादी निवासी कार्यशाळा किंवा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम. शिक्षणाचा खरा फायदा, माझ्या मते, तंत्रापेक्षा वेगळाच असतो: तिथे तुम्हाला न शोभणाऱ्या भूमिकाही कराव्या लागतात. हौशी संस्थेत एकदा "भांडखोर भाऊ" म्हणून तुम्ही चाललात की पुढची पाच वर्षे भांडखोर भाऊच वाट्याला येतात. ते टाळायचे असेल तर घरी अगदी निराळ्या प्रकृतीची पात्रे मोठ्याने वाचत राहा. विनोदी वाचा, म्हातारी माणसे वाचा, पल्लेदार स्वगते वाचा.

इथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. नाटकात दिसलात की कुणीतरी ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी किंवा फोटोसाठी पैसे मागेल. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. जो मागतो त्याच्याकडे काम नसते.

हेलाच्या बाबतीत मी वडसेकरांशी निम्मी सहमत आहे. हेल ठेवा, परंतु तो काढताही आला पाहिजे. "चहा" आणि "चमचा" यांतले दोन वेगळे च, "न" आणि "ण", "स" आणि "श" हे मागितल्यावर स्वच्छ देता आले पाहिजेत, कारण उद्या तुम्हाला वकील करायचा असेल आणि परवा कीर्तनकार. नटाला स्वतःची बोली ही त्याच्याकडे असलेल्या अनेक बोलींपैकी एक म्हणून वापरता यावी, एवढीच अपेक्षा आहे.

आता रडणे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (आतल्या भावाचा) असे चार प्रकार सांगितले आहेत आणि सात्त्विकात आठ भाव येतात: स्तंभ, स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग (आवाज फुटणे), कंप, वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणे), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणे). या यादीकडे नीट बघा. अश्रू हा आठांतला एक आहे, आणि प्रेक्षागृहातून पाहता सगळ्यांत कमी दिसणाऱ्यांपैकी एक आहे. स्वरभंग मात्र बाल्कनीतही ऐकू जातो, कंप पाठमोऱ्या नटाच्याही खांद्यांत दिसतो, आणि स्तंभ, म्हणजे जागच्या जागी गोठून जाणे, त्याला तर काहीच लागत नाही. असे असूनही प्रत्येक नवखा नट डोळ्यांत पाणी येते का, याचीच चिंता करत बसतो.

घरातल्या एखाद्याचा मृत्यू आठवून रडा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो मानू नका. एक तर ती आठवण वापरून वापरून बोथट होते, आणि रविवारी दुपारी व रात्री दोन प्रयोग असले की दुसऱ्या प्रयोगाला ती येतच नाही. दुसरे असे की, तुम्ही आपल्या दुःखात बुडालात की समोरचा थोरला भाऊ पुन्हा एकदा दिसेनासा होतो, म्हणजे आरसा गेला आणि त्याच्या जागी आठवण आली. स्तानिस्लाव्हस्की यांनीही सुरुवातीला भावनांच्या स्मृतीवर भर दिला होता, पण उत्तरायुष्यात ते शारीरिक कृतीकडे वळले.

मग करायचे काय? माणूस रडण्याआधी त्याचा श्वास बिघडतो, आणि बहुतेक माणसे रडायचा नव्हे तर न रडण्याचा प्रयत्न करत असतात, पुरुष तर हमखास. तुमच्या त्या प्रवेशातले शेवटचे लांब वाक्य घ्या आणि ते कोणत्याही परिस्थितीत पूर्ण करायचेच, असा हट्ट धरा. श्वास मात्र अर्ध्या वाक्याचाच घ्या. अडखळाल, पुन्हा श्वास घ्याल, पुन्हा सुरू कराल. दादासमोर आवाज फुटू द्यायचा नाही म्हणून जबडा आवळाल. प्रेक्षकाला हा झगडा दिसतो आणि त्याचे डोळे तुमच्या आधी भरतात. तुमचे भरले तर भरले, नाही भरले तरी प्रवेश उभा राहतो. मात्र हे तंत्र तालमीत इतक्या वेळा घडले पाहिजे की प्रयोगात त्याची आठवणही राहू नये, नाहीतर श्वासाचा व्यायाम तेवढा दिसेल.

कॅमेऱ्यासमोर हेच सगळे लहान होते. तिथे खूण केलेल्या जागेवरच थांबावे लागते, आधीच्या शॉटमध्ये कप कोणत्या हातात होता ते लक्षात ठेवावे लागते, आणि भांडणाचा शेवट सकाळी व सुरुवात संध्याकाळी चित्रित होते. पण ते नंतरचे. ज्याला दोन अंकांत एका माणसाचा आलेख सलग धरता येतो त्याला तुकड्यांत काम करणे शिकवता येते. उलटे फार कठीण जाते.


गोदाकाठ, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. नाटक बागलाणमधल्या एका गावात घडते. हेलाविषयी वाचल्यावर मी दिग्दर्शकांना विचारले की भांडणातली काही वाक्ये अहिराणीत घेता येतील का. त्यांनी नकार दिला, कारण संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर होऊन आली आहे आणि स्पर्धेत तिच्यातले शब्द बदलणे त्यांना योग्य वाटत नाही. बॅगेचा प्रयोग करून दाखवला. त्यांनी तिन्ही पर्याय बाजूला ठेवले आणि चौथाच सुचवला: वहिनी येऊन खांद्यावरची बॅग काढून घेते आणि धाकटा ती देत नाही. त्या ओढाताणीमुळे हातांचा प्रश्न त्या प्रवेशापुरता तरी मिटला.

आता नवीन अडचण अशी आहे की थोरल्या भावाचे काम करणारे गृहस्थ अनुभवी आहेत आणि तालमीत ऐन वेळी ॲडिशन घेतात. कधी एखादे वाक्य जास्तीचे म्हणतात, कधी माझा क्यूच, म्हणजे ज्या शब्दांवर मी बोलायचे ते शब्दच, देत नाहीत. ते वयाने आणि अनुभवाने मोठे असल्यामुळे मी काही बोलू शकत नाही. अशा वेळी मी काय करावे?


तिसरी घंटा, पुणे

शब्द बदलता येत नाहीत, पण वाक्याची लय बदलायला मंडळाची हरकत नसते. धाकटा शहरातून येतो, म्हणजे सुरुवातीला तो शहरी, बेतलेल्या मराठीत बोलेल. भांडण चढत जाईल तसा शब्द तेच ठेवून हेल घरचा येऊ द्या. हे दिग्दर्शकांना आधी सांगू नका, तालमीत करून दाखवा आणि त्यांच्या लक्षात येते का पाहा.

ॲडिशन घेणाऱ्या ज्येष्ठांविषयी. तुम्ही त्यांना सांगण्याची गरज नाही, ते काम दिग्दर्शकांचे आहे आणि तुम्ही त्यांच्याशी एकांतात बोलावे. तोवर क्यूची वाट पाहणे सोडून द्या. तुम्ही त्यांच्या शेवटच्या तीन शब्दांची वाट पाहत असाल तर ते शब्द न आल्यावर गडबडणारच. पण ते काय म्हणत आहेत, तुम्हाला काय नाकारत आहेत, याकडे लक्ष असेल तर शब्द कोणतेही आले तरी तुमच्या वाक्याला कारण मिळते. क्यू न देणारा सहनट त्रासदायक असतो हे खरे, तरी ऐकण्याची सवय लावायला त्याच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही. मात्र प्रत्युत्तरादाखल तुम्ही ॲडिशन घेऊ नका. संहितेतला दुवा सुटला की पुढच्या एन्ट्रीला विंगेत उभा असलेला नट, प्रकाश देणारा आणि संगीत सोडणारा हे सगळे एकाच वेळी चुकतात.


डिमर, सांगली

वरच्या शेवटच्या वाक्याबद्दल आभार, कारण आम्ही प्रकाशयोजना करणारे लोक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मी हौशी आणि स्पर्धेच्या नाटकांना प्रकाश देतो. अभिनयाचे मला फारसे कळत नाही, पण नट कुठे उभे राहतात हे गेली अनेक वर्षे मी वरून पाहत आलो आहे.

नवख्या नटाला प्रकाश घेता येत नाही. तो ठरलेल्या जागेपासून हातभर मागे थांबतो, कारण पुढे अंधारात बसलेल्या लोकांकडे जाण्याची त्याला नकळत भीती वाटते, आणि मग त्याचा चेहरा अर्धवटच दिसतो. पूर्वी हॅलोजनच्या स्पॉटची ऊब गालावर लागायची, त्यावरून जुने नट डोळे मिटूनही आपली जागा ओळखत. आता एलईडी दिवे आल्यापासून ती खूणही गेली. म्हणून उपाय एवढाच आहे की, दिवा थेट डोळ्यांत येतोय असे वाटले की तुम्ही बरोबर जागी आहात. त्रास होतो म्हणून बाजूला सरकू नका. दुसरे, थोरला भाऊ तुमच्यापेक्षा प्रेक्षकांच्या जवळ असेल तर त्याच्या अगदी मागे उभे राहू नका. अर्धे पाऊल बाजूला झालात की दोघेही दिसता. त्याच्याकडे बोलताना पूर्ण वळलात तर प्रेक्षकांना तुमचा कान दिसतो, म्हणून पायांचा कोन थोडा प्रेक्षकांकडे ठेवावा. हे सगळे कृत्रिम वाटते, पण आठवडाभरात अंगवळणी पडते.

तुमचे दोनच प्रवेश आहेत, म्हणजे उरलेल्या वेळात तुम्ही बॅकस्टेजला मदत करू शकता आणि करावीच. सेट लावायला, प्रॉपर्टी (प्रयोगात लागणाऱ्या वस्तू) टेबलावर मांडायला जो नट उभा राहतो त्याला रंगमंच पायाखालचा होतो. स्पर्धेत बहुतेक वेळा नाट्यगृह प्रयोगाच्या दिवशीच हाती येते, त्यातच सेट, लाइट आणि ध्वनी यांची जुळवाजुळव करायची असते, आणि रंगीत तालीम त्या रंगमंचावर होईलच अशी खात्री नसते. तुमची तालमीची खोली आणि ते नाट्यगृह यांच्या रुंदीत मोठा फरक पडेल. तालमीत चार पावलांत येणारी एन्ट्री तिथे नऊ पावलांची होईल आणि पहिले वाक्य चालता चालताच संपून जाईल. तेव्हा त्या दिवशी लवकर पोहोचा, सेट उभा राहिला की बॅग खांद्यावर घेऊन विंगेपासून ओट्यापर्यंत दोनदा चालून पाहा, आणि विंगेत अंधार झाल्यावर पायात येणारी केबल कोणत्या बाजूने गेली आहे, हे आमच्या माणसाला विचारून ठेवा.